नव्याचे नऊ दिवस, नेमाचा एक क्षण

दिवाळीचा बोनस जमा झाला की आमच्या ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी ईएमआय भरते, दुसरी लेन्स घेते. लेन्स घेतली की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘जंगल कुठलं?’ यंदा उत्तर आलं, नागझिरा. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने थेट गोंदिया, तिथून गाडी आणि पहाटेची जिप्सी. प्लॅन झकास! मला खटकली ती एकच गोष्ट. दोन किलोची, १५०-६०० ची ती नवीकोरी लेन्स पहिल्यांदा खोक्यातून बाहेर निघणार होती ती थेट जिप्सीत.

बॉस, या जंगलात पूर्वी जे ‘शूट’ करायला यायचे, त्यांनी हे ऐकून कपाळावर हात मारला असता.

तेव्हाचं शूट म्हणजे अर्थातच बंदुकीचं. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा खेळच संपला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. ते बंद झालं हे उत्तमच. पण त्या लोकांची एक शिस्त मात्र उचलण्यासारखी आहे. जाणता शिकारी नवी बंदूक कधी थेट जंगलात नेत नसे. आधी कागदावर बार टाकून बघायचे. गोळी वर जाते की डावीकडे, धक्का किती बसतो, घोडा किती दाबला की सुटतो, हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत जुनीच बंदूक खांद्यावर.

कारण चुकीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटायचं. नेम हुकला तर एक वेळ ठीक. पण अर्धवट लागला तर जखमी बिबट्या झुडपात शिरायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने कुणी तरी मोहफुलं वेचायला जायचं. म्हणून ‘बंदूक किती भारी?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘माझ्या हातात ती कशी वागते?’ जिम कॉर्बेटचंच बघा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. जास्त ताकदीची रायफलही त्याच्याकडे होती. तरी कुमाऊंच्या चढउतारांवर ही हलकी, सवयीची रायफल त्याने वर्षानुवर्षं वागवली.

आता शिकारी नाहीत, पण नेमबाज आहेत. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या टोकाला जिथे थांबते, त्या कोल्हापूरने तर नेमबाजांची रांगच लावली. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ आणणारा स्वप्नील कुसाळे. १० मीटर एअर रायफलमध्ये तर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे नवा हातमोजासुद्धा मोठी बातमी असते.

म्हणून या मंडळींचा नियम सोपा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रायफल, जॅकेट आणि गोळ्या एकदम बदलल्या आणि स्कोअर घसरला, तर शिव्या कुणाला घालणार? गोळ्या निवडतानाही जाहिरात बघत नाहीत. रायफल शिकंज्यात घट्ट पकडून एकेका बॅचच्या गोळ्या झाडतात आणि कुठल्या बॅचची छिद्रं सगळ्यात जवळजवळ पडतात ते मोजतात. तीच कंपनी, तोच डबा, तरी बॅच बदलली की निकाल बदलतो! आणि मोठ्या मॅचच्या तोंडावर प्रयोग? नाव काढायचं नाही.

यंत्रात जितके भाग जास्त, तितक्या बिघडायच्या जागाही जास्त. टोकियोत २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ऐन पात्रता फेरीत बिघडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. याच्या उलट पॅरिसमधला तुर्कस्तानचा युसुफ डिकेच. साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात आणि गळ्यात रौप्यपदक. फोटो जगभर फिरला आणि सगळे म्हणाले, ‘बघा, गिअर लागतच नाही!’ अहो, पिस्तूल त्याचंही मॅचचंच होतं. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरतो, त्यामुळे एक डोळा झाकायची पट्टी त्याच्या कामाची नव्हती. काय नको हे कळायलासुद्धा वर्षं घालवावी लागतात.

मग लेन्स घ्यायचीच नाही का? घ्या की! पण आधी स्वतःला विचारा, गेल्या वेळचा कुठला फोटो गिअरमुळे हुकला? उत्तर ‘मी उशिरा कॅमेरा उचलला’ असं असेल, तर ते दुकानात मिळत नाही. उत्तर सापडलं तर लेन्स आधी वीकेंडपुरती भाड्याने आणा आणि पहाटेच्या अपुऱ्या उजेडात गच्चीवरून घारी टिपून बघा. नागझिऱ्याच्या झाडीत सकाळी उजेड असाच कंजूष असतो.

कधी कधी तर लांबची लेन्स ही गरजच असते. गोंदिया म्हणजे महाराष्ट्रातलं सारसांचं हक्काचं घर. परसवाडा, झिलमिलीच्या तलावांकाठी आणि धानाच्या शेतात ही माणसाएवढी उंच जोडपी दिसतात. पावसाळ्यात घरटं बांधतात, अंडी बहुधा दोनच. शेतकरी त्या घरट्याला जपतात. छोटी लेन्स घेऊन आपण पुढे सरकत गेलो आणि जोडी उठली, तर अंडी कावळ्या-कुत्र्यांची. म्हणजे बिल आजही दुसऱ्याच्याच नावावर! इथे लांबून फोटो निघत असेल तर तो खर्च सार्थकी लागला. आणि तेवढी लेन्स नसेल तर फोटो सोडून द्यायचा.

आमच्या मित्राने शेवटी ऐकलं. दोन रविवार गच्चीवर घालवले तेव्हा कळलं, अडचण लेन्सची नाही, दोन किलो पेलताना थरथरणाऱ्या हातांची आहे. उपाय? जाताना एक रिकामी कापडी पिशवी न्यायची, गोंदियात उतरून ती तांदळाने भरायची आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. तांदळाच्या गावात तांदळाला काय तोटा?

या ट्रिपमधलं सगळ्यात स्वस्त गिअर तेच. आणि परत आल्यावर त्याचा भातही होतो!