छापील म्हणजे नक्कल नव्हे!

“चित्र कसले हे? ना नाक, ना डोळा! आणि त्यातून छापील!” भिंतीवरचे अमूर्त मुद्राचित्र पाहून पाहुणे फराळाच्या ताटावरूनच असा निकाल देऊन मोकळे होतात. मी कलापंडित नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. पण हा निकाल मला साफ नामंजूर आहे.

सारा घोटाळा ‘छापील’ या शब्दाने केला आहे. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचली. त्या मूळ तैलचित्रांच्या प्रतिकृती होत्या. मुद्राचित्राचे तसे नाही. त्याचे ‘मूळ’ दुसरीकडे कुठेच टांगलेले नसते. पत्र्यावर असतो तो केवळ साचा. चित्र जन्माला येते ते कागदावरच.

रसायनशास्त्र शिकलेल्या विल्यम हेटर या इंग्रज कलावंताने १९२७ साली पॅरिसमध्ये कार्यशाळा काढली. पुढे ती ‘आतेलिए १७’ या नावाने गाजली. १९५० नंतर तेथे आंध्रचे कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांनी हेटरसमवेत एकाच पत्र्यातून अनेक रंग काढण्याची रीत सिद्ध केली. पत्रा आम्लाने कमीअधिक खोल कोरायचा. खोबणीत एक शाई भरायची. जवसाच्या तेलाने पातळ केलेली दुसरी शाई कठीण रुळाने उंचवट्यांवर फिरवायची. तिसरी, घट्ट, मऊ रुळाने खोलगट भागात पोचवायची. पातळ शाई घट्ट शाईला आपल्यावर बसू देत नाही, म्हणून रंग कालवले जात नाहीत. मग दमट कागद आणि दाबयंत्राची एकच फेरी! हे पोरासोरांचे काम म्हणणाऱ्याने एकदा पत्रा हाती घेऊन पाहावा.

राहिले नाक-डोळे. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीला ‘तू कशाचे चित्र?’ असे आपण कधी विचारतो का? रेषांचा तोल साधला की आपले समाधान होते. मग कागदावरच्या रेषांनीच काय घोडे मारले आहे?

हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारायला हवा होता. एका विद्यार्थ्याने जुन्या चपलेचे रबर कोरून वहीभर नुसत्या आकारांचे ठसे उमटवले होते. “हे कशाचे चित्र?” म्हणून मीच वर्गासमोर त्याची थट्टा केली. त्याने ती वही पुन्हा उघडली नाही. त्याची मी येथे जाहीर माफी मागतो.

वाचकहो, मुद्राचित्राखाली पेन्सिलीने ३/५० असे लिहिलेले दिसले, तर ते पन्नासांतले तिसरे. पन्नास घरांत लागलेली ती पन्नासही चित्रे अस्सल! श्रीमंताच्या दिवाणखान्यातून कलेला मध्यमवर्गाच्या ओसरीवर आणणाऱ्या या चित्राला निदान आपण तरी नक्कल म्हणू नये.