'मस्ट' की 'शुड'? आधी आपल्या मराठीला विचारा!



रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायला सांगितला की कितीतरी वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं : "यू शुड गिव्ह मी टू डेज लीव्ह." लिहिणारं पोर उद्धट नसतं. त्याच्या मनात "मला दोन दिवसांची रजा द्यावी" असंच नम्र वाक्य असतं. पण वाचणाऱ्याला वाटतं, हा आपल्याला कर्तव्य शिकवतोय! विनंती निघाली आणि उपदेश पोहोचला.

माझं स्पष्ट मत आहे, यात मुलांची चूक कमी आणि आपल्या शिकवण्याची जास्त. आपण फळ्यावर तक्ता काढतो : कॅन म्हणजे शकतो, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. मुलं तो पाठ करतात, दोन मार्क मिळवतात आणि अर्ज लिहायला बसली की अडकतात.

असं का होतं, ते बघा. मराठी व्याकरणात आपण 'विध्यर्थ' शिकतो. त्याचं एकच 'आवे'चं रूप किती कामं करतं! "मुलांनी खरं बोलावं" हे कर्तव्य. "यंदा चांगला पाऊस पडावा" ही इच्छा. "गाडी आता मोहोळजवळ असावी" हा अंदाज. "रजा द्यावी" ही विनंती. इंग्रजीत मात्र या चौघांची घरं वेगळी. कर्तव्याला शुड. इच्छेला आय होप. अंदाज पक्का असेल तर मस्ट बी, म्हणजे इथे मस्टचा सक्तीशी काही संबंध नाही. आणि विनंतीला कुड यू, वुड यू किंवा सरळ आय रिक्वेस्ट यू टू.

दुसरा घोळ 'नको'चा. तो माझ्याच हातून झालाय, म्हणून सांगतो. एका शनिवारी शाळेत कार्यक्रम होता. गणवेश घालायची सक्ती नव्हती, एवढंच पालकांना कळवायचं होतं. मी मोबाइलवर घाईघाईत इंग्रजीत लिहिलं, "स्टुडंट्स मस्ट नॉट वेअर युनिफॉर्म." मनात होतं 'गणवेश नसला तरी चालेल'. कागदावर उतरलं 'गणवेश घालायचा नाही, सक्त मनाई'. त्या दिवशी एक मुलगी आलीच नाही. सोमवारी तिची आई भेटली. विड्या वळून घर चालवणारी बाई. म्हणाली, "सर, तिच्याकडं धड कपडे म्हणजे शाळेचाच ड्रेस आहे. तुम्ही नको म्हणलात, मग काय घालून पाठवू?" मी काय उत्तर देणार? 'मस्ट नॉट'च्या जागी 'नीड नॉट' लिहिलं असतं, तर पोरगी कार्यक्रमाला आली असती.

म्हणून मला हा धडा केवळ मार्कांचा वाटत नाही. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात बघा. कलम 3 मध्ये नवं राज्य बनवण्याबाबत संसदेसाठी 'मे' आहे. म्हणजे अधिकार आहे, पण बनवलंच पाहिजे असं नाही. कलम 21अ, जे 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने आलं, त्यात 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याबाबत राज्यासाठी 'शॅल' आहे. म्हणजे द्यायचंच, टाळता येणार नाही. त्या 'शॅल'च्या जागी 'मे' असता, तर मुलांचा हक्क सरकारच्या मर्जीवर राहिला असता. इतकं वजन या छोट्या शब्दांत असतं.

काही शिक्षक म्हणतील, इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला? मी म्हणतो, ती न बोलावताच येते, मुलांच्या डोक्यात बसलेली असते. मग तिला समोर बसवून तिच्याकडून काम का करून घेऊ नये? आपल्या सोलापुरात तर कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. प्रत्येकाला विचारा, घरी विनंती कशी करता आणि हुकूम कसा देता? फरक मुलांना आधीपासून कळतो. फक्त तो इंग्रजीत कुठं बसवायचा, हे आपण दाखवायचं.

तेव्हा मित्रांनो, लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी मागतोय की सांगतोय? 'नको' म्हणजे मनाई आहे की फक्त गरज नाही? अंदाज असेल तर खात्री किती? 'असू शकेल'ला माइट बी, 'असणारच'ला मस्ट बी आणि 'असूच शकत नाही'ला कान्ट बी. इथे मस्ट नॉट चालत नाही, हे विशेष लक्षात ठेवा.

आता वही काढा आणि ही तीन वाक्यं इंग्रजीत लिहा : "कृपया मला दाखला द्यावा." "उद्या डबा आणायची गरज नाही." "सर आता स्टाफरूममध्ये असतील." लिहून झालं की वाक्य स्वतःला मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, हे मला कुणी लिहिलं असतं तर मला कसं वाटलं असतं?