दुधावर ठपका ठेवण्यापूर्वी
चिडचिड्या, अस्थिर मुलाचे दूध बंद करावे काय, असे पालक आम्हांस विचारतात; आमच्यापैकी काही वैद्य तत्काळ होकारही देतात. हे आम्हांस मान्य नाही. चरकाचार्यांनी क्षीर जीवनीयांत श्रेष्ठ मानले, तसेच मत्स्य व केळे यांसह ते विरुद्धही ठरविले. (शिकरणप्रिय घरांत हे सांगणे कठीणच!) दुग्धशर्करा न पचून पोट दुखणारे मूल किरकिरणारच, केवळ दुधावर राहणारे मूल लोहाच्या कमतरतेनेही चिडचिडे होऊ शकते. स्वमग्न मुलांवरील केसीनवर्ज्य आहाराच्या चाचण्यांत मात्र वर्तनसुधारणा सातत्याने आढळलेली नाही. म्हणून प्रथम अग्नी, कोष्ठ व दुधाचे प्रमाण पाहावे. संशय उरल्यास दोन ते चार आठवडे दूध थांबवून पुन्हा द्यावे. अंगावर पित्त उठणाऱ्या वा धाप लागणाऱ्या मुलास हा प्रयोग घरी नकोच. कायम बंदी करावयाची तर नाचणी, तीळ लिहून द्यावेत.