पायऱ्यांच्या पलीकडे

फोर्टमधील टाऊन हॉल १८३३ साली पुरा झाला. त्याचे ग्रीक घाटाचे डोरिक खांब आणि रुंद पायऱ्या टिपण्यासाठी आजही छायाचित्रकार जमतात. ही सौंदर्याची ओढ निकोपच आहे. परंतु खांबांआडचे ग्रंथभांडार छायाचित्रात येत नाही. १८०४ साली स्थापन झालेल्या, पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून नावारूपाला आलेल्या येथील संस्थेत पहिला भारतीय सभासद, माणकजी करसेटजी, १८४० साली आला. एवढा प्रवेश मिळण्यास छत्तीस वर्षे लागली! आज वर्णाचा मज्जाव उरलेला नाही; तरीही लालबाग-परळच्या चाळीतील विद्यार्थ्याला ती भव्यताच परकी वाटते. कार्यकर्त्यांनी अशा मुलांना बरोबर घेऊन त्या पायऱ्या चढाव्यात, ग्रंथालय दाखवावे. छायाचित्र खुशाल काढावे; मात्र परतताना.