आव्वोकाता म्हणायला जड का जातं?

रजा काढून, साठवलेले पैसे मोडून मी तीन महिने इटालियन शिकायला सिएनाला गेले, तेव्हा ‘समाजकार्य करणारीला ही चैन कशाला?’ असं आपल्यातल्याच काहीजणींनी विचारलं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सिएना म्हणजे तटबंदीतलं जुनं, चढउतारांचं गाव. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं विद्यापीठ तिथे आहे. चौदाव्या शतकात इथल्याच एका रंगाऱ्याच्या मुलीने, रीतसर शिक्षण न मिळालेल्या कातेरीनाने, लोकांच्या बोलीत पत्रं सांगून लिहवून घेतली. थेट पोपलासुद्धा!

वर्गात व्यवसायांची नावं आली. परिचारिका ‘इन्फेर्मिएरा’, शिक्षिका ‘माएस्त्रा’, सगळं बिनबोभाट. वकील स्त्री मात्र ‘आव्वोकाता’ म्हटलं की कानाला खटकतं म्हणे. व्याकरणात काही चूक नाही. मग खटकतं कुणाच्या कानाला? सेवेच्या कामांना स्त्रीलिंग चालतं, अधिकाराच्या जागेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आल्मा साबातिनी यांनी १९८७ साली सरकारी प्रकाशनातून अशी स्त्रीलिंगी रूपं सुचवली. तरी २०२२ साली इटलीच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी स्वतःसाठी पुल्लिंगी ‘इल प्रेसिदेंते’च पसंत केलं. (बाई वर गेली की बायकांचं सगळं होतं, असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.)

आपल्याकडे तरी काय? पाटलीण, वकिलीण म्हणजे त्याची बायको. निवडून येते ती, आणि कितीतरी गावांत ‘सरपंच’ म्हणून हाक तिच्या नवऱ्याला. पुढच्या शिबिरात सरपंच मैत्रिणींना मी आधी एवढंच विचारणार आहे, गावात तुम्हांला काय म्हणून हाक मारतात?