पडद्यावरचा मुसलमान मराठी कधी बोलणार?

आमच्या घरात सिनेमावरून जितकी भांडणे होतात तितकी घरखर्चावरूनही होत नाहीत. कोणी थिएटरात जाऊन पाहून येतो, कोणी टीव्हीवर, कोणी पांघरुणात मोबाइलवर. सकाळी चहाला बसलो की ज्याचे त्याचे मत तयार असते. गाणी चांगली, हिरो थकलेला दिसतो, शेवट ओढूनताणून केलाय. पण वाद कुठूनही सुरू झाला तरी शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो : “ह्यात आपला माणूस कसा दाखवलाय?” शेजारच्या घरात हा प्रश्न पडत नसावा. आमच्याकडे तो चहाबरोबरच येतो.

आमचे म्हणजे कोणाचे? आम्ही सातारा जिल्ह्यातून घाटकोपरला येऊन राहिलेले. अब्बा गिरणीत होते. अम्मा घरात दखनी बोलते, बाजारात मराठी. आम्ही भावंडे म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्यासारखी घरे मुलुंडला आहेत, अंधेरीला आहेत, बोरिवलीला आहेत. कोणी कोकणातून आलेले, कोणी सोलापूर-सांगलीकडचे. कोणी शिक्षक, कोणी एसटीत, कोणी बेस्टमध्ये. या घरांतला माणूस पडद्यावर कधी दिसला का, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

२०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही दोन सिनेमे एकाच इमारतीत पाहिले. पहिला ‘छावा’. तो १४ फेब्रुवारीला लागला आणि दुसऱ्या आठवड्यातही तिकिटे मिळत नव्हती. आठवीतला पुतण्या हट्टाला पेटला होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तो शिवाजी महाराजांवर बोललेला पोरगा. संभाजीराजांचे हाल पाहताना तो रडला, आम्हीही रडलो. राजा आमचाही होता आणि मारणारा आमचा कोणी लागत नव्हता. सिनेमा संपल्यावर घोषणा झाल्या, पुतण्यानेही दिल्या. मग पुढच्या रांगेतल्या चार-पाच पोरांचे लक्ष भावजयीच्या डोक्यावरच्या ओढणीकडे गेले. तीच घोषणा त्यांनी पुन्हा दिली, आमच्याकडे तोंड करून, जवळ येऊन. कोणी शिवी दिली नाही, हात लावला नाही. नुसते बघत राहिले. रिक्षात पुतण्याने विचारले, “चाचा, मी पण देत होतो ना घोषणा? मग ते आपल्याकडे बघून का ओरडत होते?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. महिनाभरातच, १७ मार्चला, औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात हिंसाचार झाला. त्यात जखमी झालेला एक जण पुढे दगावला. ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला, असे मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावरचा राग काढायला जिवंत माणूस लागतो, आणि तो माणूस कोण हे आधीच ठरलेले असते.

दुसरा सिनेमा आम्ही १ मार्चला पाहिला. त्या संध्याकाळी रमजानचा चांद दिसणार होता. महिनाभर थिएटर बंद, म्हणून दुपारच्या खेळाला गेलो. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला, त्याची ही गोष्ट. यंत्रमागावर काम करणारी, दुकानात बसणारी माणसे गोळा करून, सायकलीवर आणि बैलगाडीवर कॅमेरा बांधून या लोकांनी सिनेमे काढले. आपल्याच महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा सिनेमा, हातात बंदूक नाही, तोंडी तलाक नाही. थिएटरात आम्ही धरून अकरा माणसे होतो. बाजूच्या पडद्यावर ‘छावा’ भरलेला होता.

त्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्ही पुढे बोलूच. आधी बाकीच्या हिशेबाकडे वळू.

हिंदी सिनेमाने मुसलमानाचे साचे करून ठेवले आहेत. पहिला नवाब. ‘चौदहवीं का चांद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२) : झुंबरे, शेरवान्या, चिलमन. अब्बांनी हे सगळे कुर्ल्याच्या आणि घाटकोपरच्या थिएटरांत पाहिले आणि त्यांना ते आवडलेही. पण अब्बांनी आयुष्यात शेरवानी घातली नाही. गिरणीच्या पाळीला कोणी शेरवानी घालून जात नाही. दुसरा साचा रहीमचाचाचा. हा हिरोला वाचवताना छातीवर गोळी घेतो आणि मरताना वतनाचे नाव घेतो. त्याला घर नसते, भाड्याची चिंता नसते, मते तर नसतातच. तिसरा अतिरेकी. हा नव्वदनंतर आला आणि गेला नाही. चौथा डॉन.

या डॉनबद्दल कोकणी बांधवांनी खरे तर सर्वांत मोठा आवाज उठवायला हवा होता. रत्नागिरी आणि रायगडच्या मुसलमानांनी बोटींवर काम केले, गोदीत केले, शाळा काढल्या, मराठीत लिहिले. हमीद दलवाईंची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची, कोकणातल्या गावाची. तिच्याकडे सिनेमावाल्यांचे लक्ष गेल्याचे आम्हाला दिसले नाही. साऱ्या कोकणी मुसलमानांत त्यांना एकच घर सापडले, कासकरांचे. त्या एका घरावर ‘ब्लॅक फ्रायडे’पासून ‘हसीना पारकर’पर्यंत किती सिनेमे आले ते मोजा. आणि गंमत बघा, खेड तालुक्यातून आलेले हे कुटुंब पडद्यावर मात्र लखनौहून आल्यासारखे बोलते. सिनेमावाल्यांना बदमाश महाराष्ट्रातला चालतो, त्याची भाषा चालत नाही.

मराठी सिनेमा तरी काय करतो? त्याने आमच्या घराचे दार क्वचितच उघडले आणि उघडले तेव्हा आत तलाक शोधला. ‘हलाल’ (२०१७) हा शिवाजी लोटन पाटील यांचा सिनेमा राजन खान यांच्या कथेवर आहे. कथा आपल्याच लेखकाची आणि पात्रे मराठी बोलतात, एवढे त्याचे मोठेपण आम्ही मान्य करतो. हिंदीत १९८२ ला ‘निकाह’ आला, २०२५ ला शाहबानो प्रकरणावरून सुचलेला ‘हक’ आला. त्रेचाळीस वर्षांत मुसलमान बाईच्या आयुष्यात दुसरे काही घडलेच नाही काय?

हा मुद्दा आम्ही जेवताना मोठ्या तावात मांडला. भावजय भाकरी थापत होती. मागे वळून न बघता ती म्हणाली, “तलाक दाखवला तर राग कशाचा? माझ्या बहिणीला तीन शब्दांत घरी पाठवली तेव्हा तुम्ही कुणी मोर्चा काढला होता का? सिनेमात दाखवल्यावर मात्र बदनामी होते.”

घरात कोणी बोलले नाही. तिचे म्हणणे आम्ही येथे तसेच लिहितो आहोत, कारण ते खरे आहे. आपल्या घरात जे सडते त्याचा वास बाहेर गेला म्हणून नाक बाहेरच्याचे कापायचे नसते. आमची तक्रार तलाक दाखवण्याबद्दल नाही, फक्त तलाक दाखवण्याबद्दल आहे. त्या बहिणीने पुढे शिवणकाम करून दोन मुली शिकवल्या, त्यातली एक परिचारिका आहे. सिनेमावाले तलाकपाशी येऊन थांबतात. ती बाई तिथे थांबली नाही.

आता अतिरेक्याकडे येऊ. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. आमच्या उपनगरांच्या अंगावर झालेला हा घाव. निशिकांत कामत यांनी त्यावर २००८ ला ‘मुंबई मेरी जान’ काढला. मुसलमान तरुणाकडे संशयाने बघणारा त्यातला सुरेश आम्ही रोज गाडीत भेटत होतो, म्हणून तो सिनेमा घरात दोनदा पाहिला गेला. पण त्या स्फोटांचे पुढे काय झाले? बारा जणांना शिक्षा झाली, त्यांतल्या पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एकोणीस वर्षे! ज्यांची माणसे गाडीत मेली त्यांनाही न्याय नाही आणि जे आत सडले त्यांनाही नाही. या दोन्ही दुःखांचा सिनेमा कोण काढणार?

याच खटल्यात २०१५ ला खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेले शिक्षक वाहिद शेख यांच्यावर सुदर्शन गमरे या तरुणाने २०२२ ला ‘हिमोलिम्फ’ काढला. वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या कार्यालयात गोळ्या घालण्यात आल्या, त्यांच्यावर हन्सल मेहता यांनी ‘शाहिद’ काढला. गमरे आणि मेहता आपल्या जमातीचे नाहीत. ‘शाहिद’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. आम्ही तो घरी पाहिला, थिएटरात नाही. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

म्हणजे आम्ही पुन्हा त्या रिकाम्या खुर्च्यांपाशी आलो.

‘द केरला स्टोरी’ २०२३ ला आला तेव्हा जाहिरातीत बत्तीस हजार मुलींचा आकडा होता, तो पुढे तीन मुलींवर आला. सर्वोच्च न्यायालयात निर्मात्यांना कबूल करावे लागले की बत्तीस हजाराला आधार नाही. त्या वेळी आमच्या भागात सभा झाल्या, निवेदने दिली गेली, मोबाइलवर रात्रंदिवस संदेश फिरले. ते योग्यच होते. खोट्याला खोटे म्हटलेच पाहिजे. पण त्या सभेतल्या लोकांपैकी ‘सुपरबॉईज’ला किती गेले? नीरज घेवाननी २०२५ ला ‘होमबाउंड’ काढला, एक मुसलमान आणि एक दलित मित्र, टाळेबंदीत घराकडे निघालेले. त्याला किती गेले? वाईट सिनेमावर बहिष्कार घालायला आपण हजारोंनी जमतो, चांगल्याचे तिकीट काढायला अकरा. निर्माता तिकिटे मोजतो. निवेदने मोजत नाही.

कोणी म्हणेल, सिनेमा मुळातच हराम. ज्याची अशी श्रद्धा आहे आणि जो खरोखर पाहत नाही, त्याच्याशी आमचा वाद नाही. आमचा वाद जुम्म्याला हराम म्हणून शनिवारी रात्री मोबाइलवर पाहणाऱ्याशी आहे. त्याने निदान तिकीट काढून पाहावे.

दुसरी खोड आपल्या भाषणांची. ‘छावा’नंतर प्रत्येक सभेत यादी म्हटली गेली : शिवरायांच्या पायदळात नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते, सिद्दी हिलाल होते. यादी खरी आहे. आम्हालाही पाठ आहे. पण यादी ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. शिवाजी सावंतांनी ‘छावा’ कादंबरी लिहिली म्हणून सिनेमा झाला. दौलतखानावर आपल्यातल्या कोणी तशी जाडजूड कादंबरी लिहायला घेतली आहे काय? गोष्टीला उत्तर गोष्टीनेच द्यावे लागते.

आणि आपल्याला गोष्टी येत नाहीत असेही नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी आवाजाने महाराष्ट्र हलवला आणि ‘प्रपंच’सारख्या मराठी सिनेमात कामही केले. १९९० ला सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की आमचे जगणे मराठीत आहे. कविता झाल्या, आत्मकथने झाली. पटकथा किती झाल्या? मालेगावच्या यंत्रमागवाल्यांनी पैसे नसताना सिनेमे काढले. त्यांच्यावरचा मोठा सिनेमा मात्र आसामच्या रीमा कागती यांना काढावा लागला. आपल्याकडे पदवी घेतलेली, नोकरीला लागलेली, खिशात चांगला कॅमेरा बाळगणारी पोरे घरोघर आहेत. ती लग्नाचे व्हिडिओ काढतात.

आम्हाला काय हवे आहे ते एका नावात सांगता येते : सल्या. ‘सैराट’मधला (२०१६) परश्याचा मित्र सलीम. करमाळ्याकडची मराठी बोलतो, विहिरीवर दंगा करतो, मित्राच्या प्रेमप्रकरणात धावपळ करतो. तो देशभक्तीची शपथ घेत नाही, कव्वाली गात नाही, कोणासाठी छातीवर गोळी घेत नाही. तो मुसलमान आहे हे कोणी ओरडून सांगत नाही. पुतण्या तो सिनेमा पाहताना एवढेच म्हणाला होता, “हा आपल्यासारखा बोलतो.” इतक्या सिनेमांत एकदा त्याला हे म्हणता आले.

सल्या नागराज मंजुळेंनी दिला. उरलेली माणसे त्यांनीच द्यावीत असे म्हणणे बरे नाही. आयाच्या पाळीवरून बारा तासांनी घरी येणारी मुलुंडची खाला, बोरिवली डेपोतला कंडक्टर, मराठी शाळेत नमाजाची वेळ सांभाळून इतिहास शिकवणारे गुरुजी, भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर ज्यांना ‘विचारून कळवतो’ असे ऐकावे लागते ते अंधेरीचे नवे जोडपे : ही माणसे आपण ओळखतो. त्यांची भांडणे, त्यांचे विनोद, त्यांच्या चुका आपल्याला माहीत आहेत. तलाकही माहीत आहे आणि तलाकनंतरचे शिवणयंत्रही. ते आपण लिहायचे आहे, सगळे, भावजयीने ऐकवलेल्यासकट.

पुतण्याच्या रिक्षातल्या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. पण त्या दिवशी आमच्याकडे बघून ओरडणाऱ्या पोरांनी आयुष्यात चार-पाच सल्ये पडद्यावर पाहिलेले असते, तर भावजयीची ओढणी पाहून त्यांना बहुधा बादशहा आठवला नसता, एखाद्या मित्राची आई आठवली असती.