पाते बोथट, मशीन बाद?

"हे रिपेअर होत नाही, नवीन घ्या." हल्ली कुठल्याही काउंटरवर हे वाक्य इतक्या सहज कानावर पडते की ते निदान आहे की विक्री, हेच कळेनासे झाले आहे. आज लिहितो आहे केस कापायच्या घरगुती मशीनबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण २०२० च्या टाळेबंदीत सलून बंद झाली तेव्हा किती घरांत ही मशिने आली ते आठवा. ती सगळी आता एकदमच म्हातारी होऊ लागली आहेत.

आमच्या घरी ते मशीन निव्वळ सोयीची वस्तू राहिलेली नाही. माझे थोरले बंधू अण्णा २०१९ पासून अंथरुणाला खिळून आहेत. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरी येणारा आमचा न्हावी मुलाकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हापासून त्यांचे केस मीच कापतो. पाते बोथट असले की केस कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतो आणि ओढला जातो. अण्णांना ओरडता येत नाही. ते डोळे घट्ट मिटून घेतात, बस्स. तेव्हा 'चालतंय तोवर चालवू' हे आमच्याकडे चालत नाही. जुन्या वस्तूंचा मला पुळका आहे असेही कोणी समजू नये.

तरीही नवे घ्यायच्या आधी जुने उघडून बघावे, असे माझे मत आहे. आत फारसे काही नसतेच. खालचे पाते स्थिर, वरचे डावी-उजवीकडे सरकणारे. म्हणजे ओळीने मांडलेल्या बारीक कात्र्याच म्हणा ना. यांच्यात केसांचा भुगा आणि डोक्याचे तेल साचते, घर्षण वाढते, पाते तापते, मोटर मंदावते. मालक म्हणतो, "मशीन गेलं!" निम्म्या वेळा ब्रशने साफ करून तेलाचे दोन थेंब सोडले की ते पुन्हा नीट चालते. तेल मात्र शिलाई मशीनचे घालावे. खोबरेल नको, ते चिकट होत जाते आणि थंडीत तर थिजतेच. (आमच्या सौ. खोबरेलाला सर्व रोगांवरचे औषध मानतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.)

पात्याची धार खरोखरच गेली असेल तर सायकलवरच्या धारवाल्याकडे देऊ नका. फिरत्या चाकावर पात्याचा सपाटपणा जातो, आणि दोन पाती एकमेकांना सपाट भिडल्याशिवाय केस कापला जात नाही. तिथे नवे पातेच हवे. ते बसवताना वरचे पाते खालच्याच्या कडेपेक्षा किंचित मागे राहिले पाहिजे, नाहीतर कातडी कापली जाते. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते हो.

उरला सेल. चार्जिंगचा सेल तीन-चार वर्षांत थकतो, हा त्याचा धर्मच. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चौकातल्या मुलाने आमचा सेल १५० रुपयांत बदलून दिला. सेवाकेंद्रात याच मशीनची रवानगी भंगारात करायला सांगितले होते! बदलताना जातीचा सेलच घालावा. १.२ व्होल्टच्या निकेलच्या जागी ३.७ व्होल्टचा लिथियम चालत नाही, कारण चार्जिंगची सोय वेगळी असते. आणि हा उद्योग घरी करू नये, लिथियमच्या सेलला थेट सोल्डरिंगची उष्णता सोसत नाही.

पुतण्या म्हणतो, "काका, तेराशे रुपयांसाठी एवढा खटाटोप?" प्रश्न तेराशेंचा असता तर मी वाद घातला नसता. त्याने दाखवलेल्या नव्या मॉडेलचे पाते सुटे मिळत नाही आणि सेल चिकटवून बंद केलेला आहे. म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा तेच काउंटर आणि तेच वाक्य.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झाले. चांगलेच आहे, पण फ्रिज आणि ट्रॅक्टरच्या गर्दीत केसांच्या मशीनची आठवण कोण ठेवणार? युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमांत ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता-घालता यावी अशी अट घातली आणि त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख दिली. पाण्यात वापरायच्या काही वस्तूंना त्यात सवलत आहे. उद्या सगळीच मशिने 'वॉटरप्रूफ' झाली तर मला नवल वाटणार नाही.

माझ्यापुरता हिशेब सोपा आहे. सेल गेला तर सेल, पाते गेले तर पाते. सुटे पाते कुठेच मिळाले नाही तर मात्र हळहळ न करता नवे मशीन घ्यायचे, तेही वायरचे. त्याचा घर्र आवाज जास्त असतो, अण्णा पहिल्यांदा दचकतील. पण त्यात सेलची कटकट नाही.

आमच्या मशीनचे पाते सव्वा इंच रुंद आहे, मागे दोन स्क्रू आहेत. असे सुटे पाते ठेवणारे दुकान कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा. नातेवाइकांनी नवे मशीन पाठवू नये, पाते पाठवावे.